शेवटचा दात कोण काढतं?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ साली प्रौढांच्या दातांची पहिली राष्ट्रीय पाहणी झाली. सोळा वर्षांवरच्या दर १०० माणसांत ३७ जणांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नव्हता. हे सगळे म्हातारे नव्हते. त्यांत चाळिशीतली माणसं होती, तिशीतलीही होती. १९७२ मध्ये स्कॉटलंडची वेगळी पाहणी झाली, तिथे हाच आकडा ४४ निघाला. पुढे साधारण दर दहा वर्षांनी मोजणी होत गेली. अख्ख्या ब्रिटनसाठी १९७८ मध्ये ३० टक्के, १९८८ मध्ये २१, १९९८ मध्ये १३. २००९ च्या पाहणीत स्कॉटलंड नव्हतं, पण इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून आकडा ६ टक्क्यांवर आला होता.

ही उतरण पाहिली की फ्लोराइडच्या टूथपेस्टचं नाव आधी घेतलं जातं. तिचं मोल मोठं आहेच, पण तारखा जुळवून पाहाव्यात. ब्रिटनमध्ये ही पेस्ट घरोघरी पोचली ती १९७० च्या दशकात. तेव्हा जी मुलं लहानपणापासून ती वापरू लागली, ती आज पन्नाशी-साठीत आहेत. १९८८ मध्ये ती फार तर विशी-पंचविशीची होती. म्हणजे पहिल्या वीस वर्षांतली मोठी घसरण त्या मुलांच्या वाचलेल्या दातांमुळे झाली असणं शक्य नाही. दुसरं काहीतरी बदललं होतं, आणि ते बहुतांशी दंतवैद्याच्या खुर्चीजवळ बदललं होतं.

त्याआधी या आकड्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. सगळे दात जाणं ही अशी अवस्था आहे की तिच्यातून कुणी परत येत नाही. ताप उतरतो, रक्तदाब आटोक्यात येतो, पण दात नसलेला माणूस मरेपर्यंत त्याच रकान्यात मोजला जातो. प्रमाण कमी व्हायला म्हणून दोनच वाटा असतात: आधीच दात गमावलेली पिढी जगाचा निरोप घेते, आणि मागून येणारे त्या रकान्यात कमी संख्येनं शिरतात. १९६८ मध्ये सत्तरीत असलेल्या माणसाचा जन्म १८९८ च्या आसपासचा. त्याचे दात बहुधा दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गेले. त्या वर्षीच्या ३७ टक्क्यांत त्या जुन्या दशकांतली दंतवैद्यकी बोलते आहे. आज एखाद्या देशाचा आकडा चांगला दिसत असेल, तर तीस-चाळीस वर्षांपूर्वी तिथे काहीतरी बरं घडलं होतं असं समजावं. आणि आज दवाखान्यांत जे चाललं आहे त्याचा हिशोब आपल्याला फार उशिरा मिळणार आहे.

दात जातात ते मुख्यतः दोन रोगांनी. पहिला कीड. साखर खाल्ल्यावर जंतू आम्ल तयार करतात, पीएच (आम्लतेचं माप) ५.५ च्या खाली उतरला की दाताचं वरचं कठीण कवच विरघळू लागतं, आणि हे रोज अनेकदा घडत राहिलं तर खड्डा दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचतो. दुसरा हिरड्यांचा रोग, ज्याला बहुतेक लोक पायोरिया म्हणतात. हिरडीच्या काठाशी जंतूंचा चिकट थर साचतो, काही दिवसांत लाळेतल्या क्षारांनी तो दगडासारखा घट्ट होतो, हिरडी सुजते, मग दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी १९६५ मध्ये निरोगी तरुणांना दात घासणं बंद करायला सांगितलं, तेव्हा १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर त्या पुन्हा पूर्ववत झाल्या.

त्याच लो यांचं दुसरं काम मला या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० तरुण मजुरांना त्यांच्या गटानं १९७० पासून पंधरा वर्षं तपासलं. या माणसांना दातांचे उपचार मिळत नव्हते, ब्रशची सवय नव्हती, कीड मात्र जवळजवळ नव्हती. हिरड्यांचा रोग मोकाट सुटला तर काय होतं, हे पाहायची ती अपवादात्मक संधी होती. निष्कर्ष असा: ८ टक्क्यांमध्ये रोग झपाट्यानं वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत सगळे दात गेले. ८१ टक्क्यांमध्ये तो मध्यम गतीनं चालला आणि त्या वयापर्यंत सरासरी सातेक दात पडले. ११ टक्क्यांमध्ये हिरड्या सुजलेल्या असूनही रोग पुढे गेला नाही.

काहीही काळजी न घेता, काहीही उपचार न होता, पंचेचाळिशीत बहुतेकांच्या तोंडात वीसहून जास्त दात होते. मग ज्या देशांत दंतवैद्य होते, दवाखाने होते, तिथे तिशी-चाळिशीतली माणसं बोळकी कशी झाली? कीड हे एक कारण, साखर तिथे भरपूर होती. पण किडीनंही बत्तीसच्या बत्तीस दात एकाच वेळी निकामी होत नाहीत. रोग काही दात घालवतो. उरलेले बहुधा माणूस काढतो, ठरवून.

असं ठरवायला त्या काळी कारणंही तशीच होती. दुखणं आणि पैसा ही दोन सर्वांत मोठी. प्रोकेन हे भुलीचं इंजेक्शन १९०५ पासून मिळू लागलं होतं. दात काढणं मिनिटांचं काम झालं. दात भरणं मात्र यातनेचंच राहिलं, कारण पट्ट्यावर चालणारं ड्रिल मिनिटाला काही हजार फेरेच घ्यायचं. ते थरथरायचं, तापायचं आणि एका दातावर बराच वेळ चालायचं. हवेच्या दाबावर लाखांत फेरे घेणारं ड्रिल १९५७ मध्ये बाजारात आलं, त्यानंतर दात भरून घेणं सहन होण्याजोगं झालं. तोवर, एक एक दात दरवर्षी भरत बसण्यापेक्षा एकदाच सगळे काढा आणि कवळी बसवा, हा सल्ला अनेकांना शहाणपणाचा वाटे. ब्रिटनमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून तिला कवळी करून देत, पुढे नवऱ्याला खर्च नको म्हणून. मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणूनही हे झालेलं आहे. अनेकदा निरोगी दात होते ते.

यात वैद्यकशास्त्राचाही हातभार होता. लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये माँट्रियलच्या भाषणात सडलेल्या दातांवर बसवलेल्या सोन्याच्या टोप्या आणि पुलांवर (शेजारच्या दातांवर टेकवलेल्या खोट्या दातांवर) तुफान टीका केली. तोंडातलं जंतूंचं ठाणं सगळ्या शरीराला विष पुरवतं, असा त्यांचा मुद्दा. त्यांचा राग अस्वच्छ कामावर होता, पण त्यातून जी लाट उठली तिच्यात सांधेदुखी, पोटदुखी, अशक्तपणा, कशावरही दात काढणं हा इलाज झाला. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेडावरचा उपचार म्हणून रुग्णांचे हजारो दात काढले. १९४० च्या सुमारास हा सिद्धांत पुराव्याअभावी मागे पडला, तोवर एका पिढीचे दात गेले होते. मग ब्रिटनमध्ये १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा आली आणि कवळी फुकट मिळू लागली. मागणी इतकी उसळली की १९५१ मध्ये कवळीवर शुल्क लावावं लागलं, आणि त्या वादात ही सेवा उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. कवळी पुरवणं हा उपकारच होता, पण तो झालेल्या नुकसानीवरचा उपकार होता.

बदल आला तो दात काढायच्या या निर्णयातच. वेदनारहित काम, रूट कॅनल, हिरड्यांच्या साफसफाईचं शास्त्र आणि रुग्णांच्या अपेक्षा, या सगळ्यांनी मिळून ‘सगळे काढा’ हे वाक्य दुर्मीळ केलं. स्वीडनमधल्या कार्लस्टाड इथे पेर ॲक्सेलसन आणि यान लिंडे यांनी १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं माणसांच्या एका गटाची निगा राखली: स्वतः दात कसे घासायचे याचं वारंवार शिक्षण, दातांमधल्या फटी रोज साफ करणं, आणि प्रत्येकाच्या धोक्यानुसार ठरलेल्या अंतरानं दवाखान्यात सफाई. तीस वर्षांत माणशी सरासरी ०.४ ते १.८ दात गेले. त्याच देशातल्या येन्शपिंगमध्ये ४० ते ७० वयाच्या लोकांत १९७३ साली १६ टक्के पूर्ण दंतहीन होते, २००३ साली १ टक्का. जपाननं १९८९ मध्ये ‘८०२०’ मोहीम काढली, म्हणजे ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात. सुरुवातीला दहा टक्क्यांहून कमी लोक त्या मोजमापात बसत. २०१६ च्या पाहणीत ५१.२ टक्के बसले.

टक्केवारी मात्र जपून वाचावी. अमेरिकेत पंधरा वर्षांवरच्या लोकांत दंतहीनतेचं प्रमाण १९५७-५८ मध्ये १८.९ टक्के होतं, २००९-१२ मध्ये ४.९ टक्के. २०५० पर्यंत ते २.६ वर येईल असा अंदाज आहे. पण माणसं मोजली तर २०१० मध्ये १ कोटी २२ लाख आणि २०५० मध्ये ८६ लाख. प्रमाण जवळजवळ निम्म्यावर, माणसं मात्र तीस टक्क्यांनीच कमी, कारण लोकसंख्या वाढते आहे आणि म्हातारी होते आहे. त्यातही कोण उरतं ते पाहा. २०१५-१८ च्या अमेरिकी आकड्यांत ६५ वर्षांवरच्या, शालेय शिक्षण पुरं न झालेल्या लोकांपैकी ३१.९ टक्के दंतहीन होते, त्याहून शिकलेल्यांपैकी ९.५ टक्के. दात काढणं स्वस्त, वाचवणं महाग, हे गणित जिथे जिथे टिकून आहे तिथे तिथे जुनाच निर्णय आजही होतो. साखर आणि तंबाखू पोचली आहे पण दंतवैद्य म्हणजे फक्त दात उपटणारा, अशा प्रदेशांत प्रमाण आपोआप उतरेल असं मानायला काहीच आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात साठीच्या पुढच्या लोकांत सुमारे २३ टक्के पूर्ण दंतहीन आहेत, आणि सगळ्या वयांचे मिळून ३५ कोटींहून जास्त.

पाहण्यांच्या नजरेतून काही गोष्टी सुटतातही. वृद्धाश्रमातले, अंथरुणाला खिळलेले लोक बहुतेक घरोघरच्या मोजणीत येत नाहीत, आणि त्यांच्यातच दात गेलेले जास्त. गरिबी आणि धूम्रपान दातही घेतात आणि आयुष्यही, त्यामुळे ते लोक मोजणीपूर्वीच गेलेले असतात. शिवाय शेवटचे दोन दात तोंडात असलेला माणूस दंतहीन ठरत नाही, जेवताना मात्र त्याची स्थिती वेगळी नसते. म्हणून वीस दात आहेत की नाहीत, हा प्रश्न सोबत विचारणाऱ्या पाहण्या मला जास्त उपयोगी वाटतात.

दात गेल्यावर नेमकं काय जातं, हे कवळी बनवणाऱ्याला सर्वांत स्पष्ट दिसतं. नैसर्गिक दातांच्या मुळांभोवतीच्या तंतूंचं क्षेत्रफळ एका जबड्यात साधारण ४५ चौरस सेंटिमीटर असतं. चावण्याचा भार तंतूंवरून हाडात उतरतो. दंतहीन खालच्या जबड्यात कवळीला टेकायला सुमारे १२ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, आणि तीही मऊ त्वचेवर. चावण्याची ताकद चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते. हाडाला दाताची ओढ मिळाली नाही की ते झिजतं. पहिल्या वर्षी खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची उंची ४ ते ५ मिलिमीटर कमी होते, पुढे दरवर्षी थोडी थोडी, आयुष्यभर. अँटये टालग्रेन यांनी पंचवीस वर्षं एक्स-रे घेऊन दाखवलं की खालचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजतं. म्हणून वरची कवळी टाळूला चिकटून राहते आणि तक्रार नेहमी खालचीची असते.

चांगली कवळी घाईत होत नाही. आधी प्राथमिक माप, त्यावरून त्या माणसापुरता साचा, मग ओठ-गाल-जीभ हलवून घेत कडांचं माप, मग अंतिम माप, मग दोन जबड्यांमधलं अंतर, मग मेणात दात लावून तोंडात पाहणं, आणि मगच ॲक्रिलिक, म्हणजे पक्क्या कवळीचं प्लास्टिक. जबडा आरामात असताना वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर फट राहायला हवी. ती राहिली नाही तर बोलताना दात आपटतात, हिरडी सोलते, गालाचे स्नायू दुखतात. फट फार ठेवली तर चेहरा आखडतो, ओठांच्या कोपऱ्यात घडी पडून लाळ साचते आणि तिथे चिरा पडतात. कवळी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी तपासणी हवीच, कारण दुखणारे बिंदू तेव्हाच दिसतात. सुरुवातीला मऊ, लहान घास दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा, पुढच्या दातांनी तोडायचा नाही. रात्री काढून पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात टाकली तर ती वाकते, टूथपेस्टनं घासली तर ओरखडे पडून त्यांत बुरशी बसते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. सैल झाली की चिकटवणारी पावडर वाढवत जाऊ नये, आतून नवा थर भरून घ्यावा. तशीच हलत राहिली तर हाड आणखी लवकर झिजतं आणि कडेला मांसाची घडी वाढते.

म्हणून दात जाण्याचं वय पुढे सरकलं, या चांगल्या बातमीत एक कठीण गोष्ट दडलेली आहे. कवळी जिभेनं आणि गालांनी सांभाळायची असते, आणि ते कौशल्य चाळिशीत जमतं तसं पंच्याऐंशीत जमत नाही. पूर्वी लोक तरुणपणी बोळके होत आणि चाळीस वर्षं कवळीशी सराव करत. आता जे थोडे लोक दंतहीन होतात ते फार उशिरा, लाळ आटलेली, हात थरथरत असताना. त्यातच पूर्ण कवळीची कामं कमी झाल्यानं नव्या दंतवैद्यांचा हातही तिच्यावर कमी बसतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवले. त्या वाटेनं पुढे २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दंतहीन खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर टेकलेली कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असं म्हटलं. ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी तो खरोखर मोठा आधार आहे.

वाचलेल्या दातांचीही वृद्धापकाळात वेगळी काळजी लागते. हिरडी खाली सरकली की मूळ उघडं पडतं, आणि मुळाचा पदार्थ पीएच ६.५ च्या आसपासच विरघळू लागतो, म्हणजे वरच्या कवचापेक्षा बराच आधी. नैराश्य, ॲलर्जी, लघवीवरचा ताबा यांसाठीच्या अनेक गोळ्या लाळ कमी करतात. अशा माणसाला नेहमीच्या १,००० ते १,५०० पीपीएमऐवजी ५,००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट दंतवैद्याकडून लिहून घ्यावी, आणि घासल्यावर थुंकावं पण चूळ भरू नये. दुसऱ्याचे दात घासायचे असतील तर मागे किंवा बाजूला उभं राहून, त्याच्या डोक्याला आधार देऊन, लहान डोक्याच्या ब्रशनं, केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवून घासावेत. रक्त आलं म्हणून घासणं थांबवू नये, रक्त येणं ही तिथे थर साचल्याची खूण आहे. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून मात्र रोग असूनही रक्त कमी येतं, त्यामुळे त्याला ही खूणच मिळत नाही.

आणि थोडेच दात उरले असतील, तेव्हा खरी कसोटी लागते. शेवटी राहतात ते बहुधा खालचे पुढचे दात. ‘हे दोन-तीन कशाला ठेवायचे, कवळीच्या आड येतील’ असं सुचवलं जातं. तिथे थांबून विचारावं: सुळ्यांची मुळं ठेवता येतील का? रूट कॅनल करून दात हिरडीच्या वर एक-दोन मिलिमीटर घुमटासारखा कापतात आणि कवळी त्याच्यावर बसवतात. क्रम आणि रूनी या दंतसंशोधकांनी १९७८ मध्ये पाच वर्षांचा हिशोब मांडला: मुळं ठेवलेल्यांचं खालचं पुढचं हाड ०.६ मिलिमीटर झिजलं, सगळे दात काढलेल्यांचं ५.२ मिलिमीटर. हे काम फसतं ते एकाच ठिकाणी. कवळीखाली लपलेल्या त्या खुंटांना रोज घासलं नाही, त्यांच्यावर फ्लोराइड लावलं नाही, तर वर्ष-दोन वर्षांत ते किडतात.

मुळंही ठेवण्यासारखी नसतील तरी सगळं एका दिवसात करायची गरज नसते. उरलेल्या चार-सहा दातांना धरून आधी ॲक्रिलिकची अर्धवट कवळी करावी, आणि जसजसा एकेक दात जाईल तसतसा तिच्यातच नवा दात वाढवावा. जीभ आणि गाल तोवर तिला सरावतात. हे सत्तरीत सुरू करायला हवं. पंच्याऐंशीव्या वर्षी, दात हलू लागल्यावर आणि स्मरण धूसर झाल्यावर, तेच शिकायला फार उशीर झालेला असतो.